बोरन्हाणातून उठवलेली पोर

जबलपूरले आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे, त्याच्या मागच्या खोलीत आम्ही राहत होतो. नवरा हॉल झाडे, किल्ली सांभाळे, त्या बदल्यात खोली. किल्ली गेली की खोली गेली, एवढंच.

बाजूच्या घरात मणिपूरची एक बाई किरायानं राहते, तिचा नवरा फौजेत. मले कावीळ झाली तेव्हा तिनं माह्या दोन महिन्यांच्या पोराले पंधरा दिवस पाठीवर बांधून फिरवलं. मंडळातलं कोणी फिरकलं नाही.

यंदा संक्रांतीनंतर पोराचं बोरन्हाण केलं, हॉलातच. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, डोक्यावरून बोरं-मुरमुरे ओतले, अन् सगळी लेकरं लुटायले वाकली. तिची तीन वर्षांची पोरगीही वाकली, मीच बोलावलं होतं. तर मंडळाच्या अध्यक्ष काकूंनी तिची मूठ उघडून बोरं खाली पाडली.

"ए चिनी, ऊठ! काय-काय खातात हे लोक, अन् आपल्या लेकरांत हात घालते."

"मोमोवाली आली!" मागून कोणीतरी बोललं. बाया हसल्या.

ह्याच काकू गणपतीच्या मीटिंगमध्ये रडल्या होत्या, हिंदीवाले आपल्याला 'ए मराठन' म्हणतात, मूठभर आहोत म्हणून दाबतात. मीही रडली होती त्यांच्यासोबत!

माह्या तोंडून निघूनच गेलं, "काकू, मग मराठन म्हटलं तर तुम्हाले काहून झोंबते?"

"आपलं वेगळं गं. आपण इथे थोडे आहोत."

"बाहेर थोडे! ह्या हॉलात तर तुमचंच राज्य आहे ना?"

पोरीची आई पोरीले उचलत म्हणे, "रहने दो दीदी, आदत है." त्या 'आदत है'नं माह्या अंगाची आग झाली.

काकू म्हणाल्या, "रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर माफी माग. नाहीतर किल्ली आणून दे."

नवरा म्हणे, "माग ना बाई, दोन शब्द तर आहेत! लेकरू घेऊन कुठं जाऊ, शहराबाहेर पनागरले?"

गेली मी. काकूंनी कुंकवाचं बोट पुढं केलं, सगळ्या माह्या तोंडाकडे पाहून राहिल्या. मी किल्ली त्यांच्या ताटात ठेवली, हळदीच्या वाटीजवळ, अन् पोराले घेऊन निघाली.

आता सामान त्या बाईच्या व्हरांड्यात आहे, नवरा माह्याशी बोलत नाही, खोली पाहून राहिलो खमरियाकडे. भीती वाटते, खूप वाटते. पण बोरन्हाणाच्या फोटोत ती पोरगी रिकामी मूठ घेऊन उभी आहे, अन् मागं बाया हसून राहिल्या. तो फोटो पाहिला की माफीचा म पण तोंडात येत नाही.