खाबुऱ्यातले गव्हर्नर

मॉरिशसचे बहुतेक सगळे गव्हर्नर, आधीचे फ्रेंच आणि नंतरचे इंग्रज, मला ओळीनं सांगता येतात. कांद्याचे कंटेनर सोडवणाऱ्या बाईला ह्या ज्ञानाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की मी त्याला खाबुऱ्यातल्या त्या शुक्रवारची गोष्ट सांगते. न विचारलं तरी सांगते.

मी पुण्याची. नोकरी मस्कतच्या अल मवालेह भाजीबाजारात, घर तिथंच रुवीत. नवरा संगमेश्वरकडचा. तो सोहारच्या एका कारखान्यात एसीची देखभाल करतो आणि गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. मुलगा शिकायला पुण्यात. त्यामुळे आठवडाभर घरात माझं एकटीचं राज्य असतं आणि ते मला मानवतं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी लिफ्टमध्ये पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ माझ्या पिशवीकडे टक लावून बघत होते. पिशवीत हळदीची पानं होती. बाजारात केरळच्या मालाबरोबर कधीतरी येतात, आली की मी पातोळ्यांसाठी उचलते. गृहस्थ खाकरले आणि म्हणाले, "क्षमा असावी. ही पाने आपणांस येथे कोठे प्राप्त झाली?"

मी दचकलेच. पुण्यातसुद्धा आता असं कुणी बोलत नाही.

"तुम्ही कुठले?" मी विचारलं.

"मी मॉरिशसचा. म्हणजे रत्नागिरीचा."

"रत्नागिरीत कुठे?"

"ते ठाऊक नाही. मी तेथे कधी गेलो नाही. माझे आजोबाही गेले नव्हते."

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, हॉटेलात नोकरी करणाऱ्या मॉरिशसच्या बाईचे ते वडील. लेकीकडे काही महिने राहायला आले होते. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. घरात त्यांची भाषा क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली; मराठी शाळेत पुस्तकातून शिकलेली. शिवाय आजीच्या तोंडची चार-दोन वाक्यं जशीच्या तशी राहिलेली, त्यामुळे 'आपणांस' म्हणता म्हणता मध्येच ते "जेवलंव काय?" असं विचारायचे. मी त्यांना मास्तर म्हणू लागले, ते मला ताई. हळदीची अर्धी पानं मी त्यांना तिथंच देऊन टाकली. त्यांनी ती नाकाशी धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाहीत.

"आमच्या परसात पणजीची हळद आहे," ते म्हणाले. "दर वर्षी काढतो. थोडे कंद पुन्हा लावतो. ती अजून पणजीचीच."

मग मास्तर रोज चहाला येऊ लागले. लेक कामावर, टीव्हीवरचं काही आवडत नाही, आणि जन्मभराची सवय अशी की समोर कुणीतरी विद्यार्थी लागतो. तो मी झाले. ते आमचा मसाल्याचा डबा उघडून वाट्या टेबलावर मांडायचे आणि एकेक गव्हर्नर समजावून द्यायचे. सन-सनावळी नाही आणि नावं तर लक्षातच राहायची नाहीत, म्हणून आम्ही टोपणनावं ठेवली. मोहरी म्हणजे बंदरवाला फ्रेंच, ज्यानं बंदर बांधलं आणि गाव वसवलं. मेथी म्हणजे शेवटचा फ्रेंच, जो लढाई हरला तरी मानानं घरी गेला. जिरं म्हणजे पहिला इंग्रज, जो आल्या आल्या फ्रेंच मळेवाल्यांशीच गोड बोलू लागला. बडीशेप म्हणजे नाचवाला, ज्याच्या बायकोनं आपल्या नाचाच्या आमंत्रणांवर बेटाची पहिलीवहिली टपालतिकिटं चिकटवली, असं म्हणतात.

"इंग्रज जिंकले," मास्तर म्हणायचे, "पण फ्रेंचांची भाषा, कायदा, धर्म त्यांनी तसाच राहू दिला. म्हणून आमच्याकडे हुकूम इंग्रजीत आणि शिव्या फ्रेंचमध्ये."

"आणि तुमचे पणजोबा कोणत्या वाटीच्या काळात आले?"

"बडीशेपेच्या आसपास. पण पणजोबांना गव्हर्नर कोण ते कुठे ठाऊक होते? मुकादम कोण, एवढे ठाऊक होते. उसाच्या मळ्यात तेवढे पुरते."

त्यांना घेऊन मी एका सुट्टीच्या दिवशी जुन्या मस्कतातलं फ्रेंच सरकारच्या वकिलाचं घर दाखवायला गेले. त्या काळी इंग्रजांचा वकीलही इथंच नांदत होता, हे कळल्यावर मास्तर टाळी वाजवून म्हणाले, "येथेही दोघे शेजारी! ह्यांना जगात दुसरी जागा नव्हती काय?" तिथला पहारेकरीसुद्धा हसायला लागला.

त्या दिवशी परत येताना गाडीत त्यांनी मला एक गाणं म्हणून दाखवलं. कोकणात ज्याला जाखडी म्हणतात, त्याला मॉरिशसात झाकरी म्हणतात. गणपतीपुढे फेर धरून नाचायचं आणि गायचं. हे कवन पणजोबांनी मळ्यातच रचलेलं. मास्तर खिडकीबाहेर बघत, लाजत लाजत गायले:

"एक राजा आला दर्यानं, एक राजा गेला,
माडीवरचा बावटा तो कितीदा बदलला!
सांग गड्या तुरेवाल्या, धरू नको मौन,
दोघे जातील घरला, मग मागं राहील कोण?"

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढे नाही. उत्तर हरवले." त्यांचा आवाज एकदम उतरला. "दर गणपतीला आम्ही हा प्रश्न म्हणतो. मग सगळे गप्प होतात, टाळ्या वाजवतात, आणि आरती सुरू होते. वडील उत्तर शोधत गेले. मीही सगळ्या मळ्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारले. इतिहासाचा शिक्षक मी, ताई, आणि माझ्याच घरातील एका प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही. ते घेतल्याशिवाय मला जायचे नाही."

एवढा सज्जन माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी झुरतोय हे मला बघवेना. मी कंबर कसली. कवन ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर टाकलं. पुण्यातल्या विद्वान चुलतभावानं लांबलचक उत्तर पाठवलं, त्यात कवन सोडून सगळं होतं. बाकीच्यांनी हात जोडलेले पाठवले आणि एकानं सुप्रभात. काही निष्पन्न होईना. मास्तर रोज चहाला आले की आधी माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग मुकाट्यानं मसाल्याचा डबा उघडायचे.

थंडी पडली तशी आमच्या इथल्या मराठी मंडळींची सहल ठरली. आमच्या कंपनीचा अर्बाब, म्हणजे मालक, दिलदार माणूस. त्याची सोहारच्या वाटेवर खाबुऱ्याला शेती आहे, खजूर, लिंबं, आंबे आणि पोरांना डुंबायला पाण्याचा हौद. "यल्ला, सब आओ," म्हणाला. मी मास्तरांना म्हटलं, "आपण तिथं तुमचे गव्हर्नर उभे करू. फ्रेंच एक पार्टी, इंग्रज दुसरी पार्टी. झाकरीत भांडू देत." मास्तरांचा चेहरा असा खुलला की मी त्याच दिवशी सगळ्यांना फोन केले.

बंदरवाला फ्रेंच झाला वसईचा एक आडदांड आचारी, आपल्या हॉटेलच्या पांढऱ्या कोटात. "आमच्याकडे पण हेच चालतं," तो म्हणाला. "फ्रेंच मॅनेजर आला की चीज वाढतं, इंग्रज आला की मीटिंगा." रुवीत कपड्यांचं दुकान असलेले रत्नागिरीचे चाचा पहिले इंग्रज झाले, कारण फ्रेंचांची तीन टोकांची टोपी शिवण्यापेक्षा इंग्रजी टोपी सोपी, असं त्यांचं म्हणणं. फ्रेंचांचं निशाण म्हणून मी तिरंगी कागद आणले, तर मास्तर कडाडले, "नाही! बंदरवाल्याच्या काळी फ्रेंच राजाचे निशाण पांढरे होते!" मग माझी चांगली पांढरी बेडशीट गेली. इंग्रजांना लाल टेबलक्लॉथ मिळाला. तालमींत मी सगळ्यांवर इतकी ओरडत होते, की गुरुवारी घरी आलेला नवरा मलाच गव्हर्नर म्हणू लागला. त्याला मी चिकन भाजायच्या कामावर लावलं होतं. तो स्टेजच्या नावानं घामाघूम होणारा माणूस.

त्या शुक्रवारी खाबुऱ्याला ऊन कोवळं होतं आणि वारा समुद्रावरून येत होता. हौदाच्या शिडीला बेडशीट फडकली. ढोलकी वाजली. वसईकर छाती काढून गायला, "आम्ही बांधलं बंदर, आम्ही रस्ते आखले!" चाचांनी लगेच ठणकावलं, "त्या रस्त्यावरनं आमची पलटण, बघा चालत आले!" व्याकरण गेलं उडत, लोक हसून हसून लोळायला लागले. बेडशीट उतरली, टेबलक्लॉथ चढला. नाचवाल्याची बायको म्हणून चाचांची सून आमंत्रणं वाटत फिरली. अर्बाब खुर्ची पुढे ओढून विचारत होता, "कौन जीता? फ्रेंच या इंग्लिश?"

शेवटी टेबलक्लॉथही उतरला. सगळे गव्हर्नर रांगेनं, हात हलवत, आंब्याच्या झाडांमागे निघून गेले. मोकळ्या जागेत मास्तर एकटे राहिले. त्यांनी डोळे मिटले आणि पणजोबांचं कवन म्हटलं. 'मागं राहील कोण?' पाशी ते थांबले. मग मॉरिशसात पडते तशीच शांतता पडली, आणि मॉरिशसात वाजतात तशाच टाळ्या वाजायला लागल्या.

"अरे, थांबा! टाळ्या कसल्या वाजवताय?"

हा माझा नवरा. हातात चिमटा, तोंडाला कोळशाची काजळी.

"सवाल पडलाय ना?" तो पुढे येत म्हणाला. "मास्तर, तुमचा सवाल तुरेवाल्याला, म्हणजे तुम्ही शक्तीवाले. आमच्या गावात शक्ती आणि तुरा अशा दोन पार्ट्या समोरासमोर असतात. देवादिकांचे सवाल असले तर त्यांची उत्तरं ठरलेली असतात. पण असल्या सवालाचं उत्तर आधी कुठं लिहिलेलं नसतं. समोरच्या पार्टीनं ते तिथल्या तिथं जुळवायचं. तुमचं उत्तर हरवलं नाही. तुमच्या मळ्यावर तुरेवाले नव्हते, एवढंच."



मला सासूबाईंनी लग्नात सांगितलं होतं की हा लहानपणी पायात चाळ बांधून जाखडी नाचायचा. मला तो विनोद वाटला होता. जगभर कवन फिरवून मी घरातल्या माणसालाच विचारलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

नवऱ्यानं चिमटा माझ्या हातात दिला. ढोलकीवाल्याला चाल गुणगुणून दाखवली, पायानं ठेका धरला, दोन वेळा अडखळला, मग मान उडवली आणि गायला:

"ज्याच्या हाती बावटा होता, तो बावट्यासंगं गेला,
ज्याच्या हाती कोयता होता, त्यानं पाय रोवला.
ऐक गड्या शक्तीवाल्या, उत्तर घे हे खरं,
ज्यानं दारी हळद लावली, त्याचंच झालं घर!"

हळदीचं मीच त्याला कधीतरी जेवताना सांगितलं होतं. तो ऐकतो असं मला वाटत नव्हतं.

वसईकर आणि चाचा धावत आले आणि नवऱ्याच्या मागे उभे राहून शेवटची ओळ उचलू लागले. फ्रेंच आणि इंग्रज दोघं मिळून तुरेवाले झाले. मास्तर मधोमध उभे होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मग ते मोठ्यांदा हसले, नवऱ्याचे काळे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि म्हणाले, "म्हणजे उत्तर परसातच होते! आणि मी ते दर वर्षी खणून काढत होतो!"

मीही रडले. सांगायला लाज कसली? चिकन करपलं, तेही कुणाला कळलं नाही.

"कौन जीता?" अर्बाबनं पुन्हा विचारलं.

"दोनों हार गये," मास्तर त्याला म्हणाले. "हम जीते."

"खलास!" अर्बाब म्हणाला आणि त्यानं सगळ्यांना कहवा मागवला.

मास्तर वसंतात परत गेले. ह्या गणपतीला त्यांनी व्हिडिओ कॉल केला. अंगणात फेर धरलेला, निम्मी मंडळी एका बाजूला, निम्मी दुसऱ्या. म्हाताऱ्यांनी सवाल टाकला आणि नातवंडांनी अडखळत, क्रिओलच्या सुरात जवाब दिला. पण दिला. पहिल्यांदाच आरतीला उशीर झाला, असं मास्तर अभिमानानं म्हणाले. मग त्यांनी फोन जवळ घेतला. "ताई, आता आमचा सवाल. आपल्या दारी काय लावले आहे?"

मी बाल्कनीकडे बघितलं. एसीचा पंखा, कपड्यांचा स्टँड आणि एक मोडकी खुर्ची. इतकी वर्षं झाली इथं, आणि दर वेळी व्हिसा संपत आला की आम्ही म्हणतो, आता एवढंच एकदा. कुंडी कशाला घ्यायची, जाताना द्यायची कुणाला? गव्हर्नरसुद्धा असेच राहत असणार.

"सांगते," म्हणून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून डोळे फुटलेले ओल्या हळदीचे कंद आणले, तेलाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली आणि लावले. गुरुवारी नवरा आला. पिशवी हातात तशीच ठेवून तो डब्यापाशी उभा राहिला.

"गव्हर्नर हळद लावत नाहीत हं," तो म्हणाला.

"लावत नाहीत ना?" मी म्हटलं. "मग सोडली आजपासून गव्हर्नरी. पाणी घाल."

त्यानं पाणी घातलं. डब्याचा फोटो काढून मी मास्तरांना पाठवला, म्हटलं, हा आमचा जवाब.