घरापुरतं गाळलेलं तेल

डॉक्टरांनी रक्ताची नळी माझ्यासमोर धरली. खाली लाल आणि वर पांढरट, दुधावर साय धरते तशी. "ही चरबी आहे," ते म्हणाले. "ट्रायग्लिसराइड म्हणतात, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी. ती खूप वाढल्यामुळे स्वादुपिंडाला सूज आलीय. अ‍ॅक्युट पॅन्क्रिअ‍ॅटायटिस. पुढचे दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही."

स्वादुपिंड नेमकं कुठे असतं, हेही मला माहीत नव्हतं. ते असतं जठराच्या मागे, पाठीच्या बाजूला. म्हणून ह्यांचं पोट दुखलं की पाठही दुखायची आणि आम्ही दोन महिने त्याला अ‍ॅसिडिटी म्हणत बसलो. हे चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत, तिन्ही शिफ्ट. शिफ्टवाल्याला अ‍ॅसिडिटी असायचीच, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. त्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर हे कंपनीच्या बसमधून उतरले ते पोट धरूनच, आणि गल्लीच्या तोंडाशी खाली बसले.

आयसीयूत पहिली सूचना मिळाली, तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सगळं सलाइनमधून. ज्या माणसाला मी बावीस वर्षं आग्रह करकरून वाढलं, त्याला एक घोट पाणी द्यायची सोय नव्हती. ओठ कोरडे पडले की ओला कापूस फिरवायचा, एवढंच माझं काम.

आणि एकच प्रश्न. नर्स विचारायची, शिकाऊ डॉक्टर विचारायचे, भेटायला आलेले दीर बाहेर बाकावर हळूच विचारायचे, "घेतात का हो रोज?" कारण ह्या आजाराचं पहिलं कारण दारू. सासूबाई शेवटी भडकल्या. "माझ्या पोरानं थेंबाला हात लावला न्हाई कधी. लगीन असू दे न्हाईतर हळद, आमी बघितलंय ना!" सोनोग्राफीत पित्ताशयात खडेही दिसले नाहीत. उरली ती चरबी.

तिसरा दिवस गेला, चौथा गेला. रोज सकाळी रक्त घ्यायचे आणि दुपारी आकडा सांगायचे. तो उतरत होता, पण इतका सावकाश की आनंद करायचंही त्राण राहिलं नव्हतं. वेटिंग रूमच्या खुर्चीत बसून बसून माझे पाय सुजले होते.

पाचव्या दिवशी आहारतज्ज्ञ मुलगी वही घेऊन आली. "काकू, घरी तेल कोणतं?"

"शेंगदाण्याचं. घाण्यावरचं."

"छान. तळून उरलेलं परत वापरता?"

"कधीतरी," मी म्हणाले.

हे खोटं होतं. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर तिथे खोटं बोलू नका, म्हणून सांगते.

मी चिखलीत घरूनच फराळाच्या ऑर्डरी घेते. चकली, शेव, कडबोळी, बाराही महिने. पार पुनावळ्याच्या सोसायट्यांतून मागणी असते. माझा एक नेम आहे, प्रत्येक ऑर्डरीला ताजं तेल. त्यात कधी कुचराई केली नाही, ह्याचा मला भारी अभिमान होता. मग कढईत उरलेलं तेल निवलं की फडक्यातून गाळायचं आणि ओट्याखालच्या स्टीलच्या डब्यात ओतायचं. ते घरापुरतं. भाजीची फोडणी त्यात, पराठा त्यात, रविवारची भजी त्यात. सासूबाईंनीच शिकवलेलं. तेल ओतून देणारी बाई म्हणजे घर बुडवणारी.

पण त्यांच्या वेळी घरात तळण व्हायचं सणासुदीला. माझ्या घरात आठवड्यातून चार दिवस कढई चढते. डबा कधी रिकामा व्हायचाच नाही, जुन्यात नवं पडत राहायचं. तेल काळपट झालं, फेस यायला लागला, तरी मी म्हणायची, शेंगदाण्याचंच तर आहे.

ती मुलगी बिचारी नीट समजावत होती. तेल पुन्हापुन्हा तापलं की मुळात कितीही चांगलं असलं तरी बिघडतं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. 'हायड्रोजनेटेड' म्हणजे घट्ट केलेलं तेल, आपला डालडा. हे चहाबरोबर जी खारी-बिस्किटं खायचे, त्यात तेच. डॉक्टर म्हणाले, "एकट्या तेलावर ढकलू नका. शुगर वाढलेली तुम्हाला कळलीच नव्हती, शिवाय घराण्यातही असू शकतं." माझी समजूत पटावी म्हणून म्हणाले असतील. माझी काही पटली नाही.

अकराव्या दिवशी हे घरी आले. कपडे अंगावर लोंबत होते. मऊ भात, पातळ वरण, मोजून एक चमचा तेल. तेलाचं मी ह्यांना सांगितलं नव्हतं. डबाही तसाच ओट्याखाली. फेकायलासुद्धा वाकवत नव्हतं.

आठवड्याभराने तो बाहेर काढला. धुण्याभांड्याच्या मंदाताई ओट्याशीच होत्या.

"वहिनी, टाकून देऊ नका की. मला द्या, पोरांना भजे होतील."

"नको मंदाताई."

"टाकताल, पण देणार न्हाईत का?" त्यांचं तोंड उतरलं.

मग माझ्याच्याने राहवलं नाही. "अहो, हे खाऊन साहेबांचं असं झालं. लोकांना ताजं तळून दिलं आणि ह्यांना वर्षानुवर्षं हे वाढलं मी. तुमच्या पोरांना कसं देऊ?"

मागे वळले तर हे दारात उभे. सगळं ऐकलेलं. मंदाताई भांडी घेऊन मोरीत गेल्या. मी डोळ्याला पदर लावला. म्हटलं, आता काय बोलायचं ते बोला, ऐकून घेते.

ते पुढे आले आणि डब्यात वाकून बघितलं.

"तू काय खायचीस?"

"म्हणजे?"

"मला ह्या तेलातलं वाढायचीस. तू कशातलं खायचीस?"

"ह्यातलंच की. घरात दुसरं होतं कुठं."

"मग तुझं रक्त तपासलं का?"

अकरा दिवस मी त्या दवाखान्यात होते. रोज लॅबच्या दारात रिपोर्टसाठी उभी राहिले. हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"उद्या उपाशीपोटी जायचं," हे म्हणाले. "चहासुद्धा घ्यायचा नाही. मी येतो बरोबर."