भर समुद्रातलं गोड पाणी

झरेकाकांचं खरं नाव धक्क्यावर कुणालाच आठवत नव्हतं, आणि काकांचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. बेटापासून थोड्या अंतरावर समुद्रात एक सपाट खडक आहे. ओहोटीला तो उघडा पडतो आणि त्याच्या भेगेतून पाणी उसळायला लागतं. चहूकडे खारा समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याचा झरा! हे नवल बघायला लांबलांबून माणसं येत, आणि काका उभी हयात त्यांना होडीतून तिथे नेत आले होते. वाटेत द्यायची माहिती त्यांना इतकी तोंडपाठ, की झोपेतून उठवलं तरी "मंडळी, आता डावीकडे बघा" इथून सुरुवात करतील.

त्या झऱ्याकडे आयुष्यात न फिरकलेलं एक माणूस मात्र काकांच्याच घरात होतं. काकूंना समुद्राची भारी भीती. "जगाला पाजा तुमचं पाणी, मला नळाचं पुरतं," म्हणायच्या. घरात काकांच्या कामाला 'तो तुमचा खड्डा' याखेरीज नाव नव्हतं. काका हसण्यावारी न्यायचे, पण आत सलायचंच. सगळं जग वाखाणतं त्या कामाबद्दल बायकोच्या तोंडून एक बरा शब्द निघावा, एवढीच त्या माणसाची हाव होती. तेवढीही पुरी होत नव्हती.

शेवटी शहरातल्या मुलीने आईसाठी बुडू न देणारं नारिंगी जाकीट पाठवलं आणि काकूंची सबब संपली. त्यांनी ते घरातच चढवलं, पट्टे आवळले आणि भर बाजारातून तशाच धक्क्याकडे निघाल्या.

"काकू, पूर आला की काय?" भाजीवालीने विचारलं.

"येईल तेव्हा तू बस बोंबलत!" काकू म्हणाल्या.

होडीत मात्र त्यांचा सगळा तोरा उतरला. डोळे गच्च मिटून, फळी घट्ट धरून त्या बसल्या. काकांनी सवयीने सुरू केलं, "मंडळी, आता डावीकडे बघा..."

"मंडळी कुठली? मी एकटी आहे. आणि डोळे उघडणार नाही."

खडकाशी आल्यावर काकांनी त्यांना हात देऊन उतरवलं आणि स्वतः दोरी धरून होडीतच थांबले. होडीवाल्याने खडकावर उतरायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. दोरी सुटली तर होडी खडकावर आपटायची. त्यामुळे पाहुणे पाणी पीत आणि काका त्यांचे चेहरे बघून तृप्त होत. आपण स्वतः ते शेवटचं कधी प्यायलो, हे त्यांना सांगता आलं नसतं.

काकूंनी ओंजळ भरली, घोट घेतला आणि थुंकला.

"अहो, हे खारट आहे."

"समुद्राचं पाणी उडालं असेल तोंडावर. परत पी."

काकू परत प्यायल्या. "जन्मभर तुमच्या जेवणात मीठ मीच घालतेय. मला खारट कळत नाही होय?"

काकांनी दोरी त्यांच्या हातात दिली आणि कितीतरी वर्षांनी त्या खडकावर पाय ठेवला. पाणी चाखलं. मचूळ होतं. पेलाभरसुद्धा कुणी पिणार नाही इतकं मचूळ. काकांनी पुन्हा एक घोट घेतला. तेच. परवाच एकाने डोळे मिटून "अमृत!" म्हटलं होतं, आणि एक बाई तर बाटली भरून घेऊन गेली होती.

"म्हणजे सगळे खोटं बोलले?"

"तुम्ही एवढ्या हौसेने विचारता, 'गोड आहे ना?' कोण नाही म्हणेल? मन राखलं तुमचं."

"तू नाही राखलंस."

"मी बायको आहे, गिऱ्हाईक नाही."

परतताना काकांनी एकदाही मागे वळून झऱ्याकडे बघितलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्यांना. तोंड मिटून पूर्वीसारखंच चालू ठेवलं, तर कुणाला कळणार होतं म्हणा!

धक्क्यावर एक कुटुंब वाट बघत उभं होतं. त्यातल्या वडिलांनी विचारलं, "पाणी खरंच गोड आहे का हो?"

उत्तर काकांच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

"होतं. आता मचूळ झालंय. पण समुद्राच्या मधोमध झरा कसा उसळतो ते बघायचं असेल, तर चला."

मंडळींचे चेहरे पडले. तेवढ्यात शेजारच्या होडीवाल्याने हाळी दिली, "गोड पाणी! या, इकडे या!" आणि कुटुंब तिकडे वळलं. काका खाली मान घालून दोरी गुंडाळायला लागले.

काकू जाकिटाचे पट्टे सोडत होत्या. त्यांनी हात कमरेवर ठेवले आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"ओ दादा! पाणी सगळीकडे तेच मिळेल. पण माझ्यासारख्या भित्र्या बाईला समुद्रात नेऊन सुखरूप परत आणणारा माणूस या एकाच होडीत आहे. आणि तो खरं बोलतो, हे आत्ता बघितलंत ना!"

ते कुटुंब थांबलं की गेलं, काकांनी पाहिलंच नाही. हातातली दोरी तशीच राहिली आणि भर धक्क्यावर, सगळ्यांदेखत, त्यांना रडू फुटलं.