तारीख नसलेली बाटली

मोहोपाड्याच्या आमच्या प्रयोगशाळेत मानवी मूलपेशी वाढवायचं काम कडावहून येणाऱ्या एका ताईंकडे आहे. सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून त्या पेशींनाच विचारतात, "काय रं, बरं हाय ना?" मग प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख घालतात. माझ्या बाटलीवरचं माझं अक्षर लागलं नाही, तर ती परत माझ्या हातात येते.

गेल्या महिन्यात ताई स्वतःच एका बाटलीवर तारीख घालायला विसरल्या. पेशी झकास वाढल्या होत्या आणि माझा प्रयोग त्यांच्यावरच अडला होता. मी हळूच म्हटलं, "परवाचीच असणार, टाका लिहून."

"असणार म्हंजे ठावं नाय," त्या म्हणाल्या. "बियाण्याच्या भातात एक लोंबी येगळी दिसली, तरी आमी अख्खं रोप उपटतो. त्याचा काय गुन्हा असतो? पण बियाण्यात चालत नाय."

त्यांनी पेशी मारायला बाटलीत ब्लीच ओतलं आणि नोंदवहीत लिहिलं, 'चूक माझी.' खाली सही केली. मी दोन दिवस फुगून होतो.

काल माझीच एक बाटली तशी राहिली. कुणाला कळलंही नसतं. मी मुकाट्यानं ब्लीच ओतलं आणि वळलो, तर ताईंनी नोंदवही उघडून पेन पुढं धरलं होतं.