दोन बोटं डावीकडे

ताईच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर खिळ्यांच्या भोकांची आडवी रांग आहे. उजव्या टोकाला सुरू होते आणि दोन-दोन बोटांच्या अंतराने डावीकडे सरकत जाते. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, "भोकं बुजवून का घेत नाही?" भावोजी म्हणतात, "राहू देत." पुढचं सांगणं माझ्या गळ्यात पडतं. त्यात माझीच फजिती आहे, म्हणून एकदाच लिहून टाकते.

भावोजी चित्रांच्या आणि फोटोंच्या चौकटी करतात. दुकान एवढंसं, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. पण चौकट करून दिली की घरी जाऊन टांगून द्यायचे ते स्वतःच. खिशात कायम दोऱ्याला बांधलेलं शिशाचं वजन, म्हणून सगळे त्यांना 'ओळंबा' म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. खिळा ठोकण्याआधी ते घरधन्याच्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसायचे. घरधनी बिचारा उभा, आणि हे ठाण मांडून भिंतीकडे बघतायत! "एका अंगाला मोठं कपाट आहे ना, मग दुसऱ्या अंगाला दुसरं कपाट नको," ते सांगायचे. "दोन लहान चित्रं आणि एक दिवा ठेवा. गडद रंग जड, फिका हलका. जड वस्तू मध्याजवळ घ्या, हलकी जरा लांब सरकवा. डोळा स्वस्थ बसला की झालं."

खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. लोकांच्या भिंती सांभाळण्यात यांचा जन्म गेला आणि ताईकडे धड बघायला सवड नाही. जेवताना ती काही सांगत असली तरी यांची नजर समोरच्या तिरक्या कॅलेंडरवर. ताई हसून सोडून द्यायची. मी सोडणाऱ्यातली नाही.

मग ताईला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण डावी बाजू तिच्या जगातून पुसली गेली. डोळे ठणठणीत होते. डावीकडे काही असतं हेच तिला कळेना. ताटातला उजवा अर्धा भाग संपवायची आणि म्हणायची, "आज एवढंच वाढलंत?" ताट फिरवून ठेवलं की पुन्हा जेवायची.

तिला घरी आणल्यावर महिन्याभराने मी गेले आणि खोली बघून माझं डोकंच फिरलं. कपाट, घड्याळ, दिवा, सगळं उजव्या अंगाला कोंबलेलं. डावीकडे भिंत उघडी, टोकाला फक्त एक लाकडी स्टूल. लाल चौकटीतलं होडीचं चित्र उजवीकडे भलत्याच जागी लटकत होतं. कुणीतरी चौकटीसाठी टाकून कधी नेलंच नाही असं ते चित्र, ताईचं फार लाडकं. मला वाटलं, बायको आजारी पडली आणि या माणसाने घरावरून हात झटकले.

भावोजी दुकानात गेले होते. मी शेजारणीला हाक मारली, पदर खोचला आणि कपाट ओढून डावीकडे नेलं. घड्याळ त्याच्यावर. चित्र बरोबर मध्यावर. अगदी त्यांच्याच नियमाने! खुर्चीतल्या ताईला म्हटलं, "बघ, कशी दिसते खोली."

ताई बघत राहिली. मग तिचा चेहरा उतरला. "माझं कपाट कुणी नेलं? घड्याळ कुठंय? मला कुठं आणलंयस गं?" ती लहान मुलासारखी रडायला लागली. मी समजावत होते आणि ती माझा हात झिडकारत होती.

तेवढ्यात भावोजी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आधी कपाट परत आणलं, घड्याळ लावलं, ताईला पाणी दिलं. मग मला ताईच्या शेजारी बसवून म्हणाले, "धाकटे, हाताने भिंतीचा डावा अर्धा भाग झाक. आता सांग, माझी खोली कशी होती?"

मी झाकलं. उरलेल्या अर्ध्यात कपाट, दिवा, घड्याळ, सगळं कसं जिथल्या तिथे होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चित्राचंही त्यांनी तेव्हाच सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, तिच्या आवडीची वस्तू उजवीकडून थोडी थोडी डावीकडे न्या, नजर मागोमाग येईल. येईलच असं नाही. ताईला चित्र आपणहून सापडलं की भावोजी ते दोन बोटं सरकवायचे. चार भोकं झाली होती. माझ्या उद्योगानंतर ती इतकी बिथरली की पुन्हा पहिल्या भोकापासून सुरुवात करावी लागली.

तेव्हापासून मी रोज जायला लागले. भावोजी भरवायला उजवीकडून यायचे, पण दुपारी दुकान बंद करून आले की डावीकडच्या त्या स्टुलावर बसायचे आणि तिच्याशी बोलायचे. आवाजाच्या दिशेला ती वळायचीच नाही. उजवीकडे बघत, जणू ते तिकडेच आहेत, अशी उत्तरं द्यायची. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, तिला दिसेल असे बसा की!"

"तिकडे बसलो तर ती इकडे कशाला येईल?" ते म्हणाले.

अकरा महिने गेले. चित्र भिंतीचा मध्य ओलांडून पुढे आलं होतं. त्या दुपारी मी मटार सोलत होते. भावोजी स्टुलावर बसून चौकटीची पट्टी घासत होते. ताईची नजर चित्रावर होती. मग ती चित्रावरून हळूच पुढे सरकली, स्टुलापाशी आली आणि थांबली.

"अगंबाई," ताई म्हणाली, "तुम्ही कधी आलात?"

भावोजींच्या हातातली पट्टी खाली पडली. ती उचलायला ते बराच वेळ वाकून राहिले.

"आत्ताच," ते म्हणाले. "हा काय, आत्ताच येतोय."