मोडलेली खुर्ची

"सिया रोता," सरांनी बोट दाखवलं. "मोडलेली खुर्ची." बोट माझ्या बुडाखालच्या खुर्चीवर होतं. बाकीचे पाचजण हसले.

इचोड्यात स्पॅनिश शिकवणारे तेवढेच एक. परदेशात राहून आलेले, व्यापाऱ्याच्या घरचे. परीक्षेच्या अर्जावर त्यांची सही मिळाली की मला परीक्षेला बसता येणार होतं, पुढे घरबसल्या भाषांतराचं काम. म्हणून तोंड दाबून जात होते. वर्ग त्यांच्या घरीच. पहिल्या दिवशी मी सोफ्यावर बसले. सरांच्या आईने नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. म्हणाल्या, "तू इकडं बैस वं, चपलांपाशी." मी उठल्यावर त्यांनी ओल्या फडक्याने सोफा पुसला. माझ्यादेखत. माझा बाप शाळामास्तर, घरात रोज बुद्धवंदना. पण त्यांना आडनाव पुरलं. तेव्हापासून तडा गेलेली, दोरीने बांधलेली खुर्ची माझी.

सर सांगत होते, रोता हे क्रियापदापासून झालेलं विशेषण. खुर्ची स्त्रीलिंगी, म्हणून रोता.

मी विचारलं, "सर, पण मोडली कोणी?"

"ते विशेषण सांगत नाही. फक्त अवस्था सांगते."

माझं डोकं सणकलं. मोडलेली. बाटलेली. दबलेली. माझ्या आजीपासून आम्हाला हेच शब्द चिकटवले. करणारा कुठेच नाही. जणू आम्ही आपोआप दबलो.

"आता म्हण, मी खुर्ची मोडली."

"ए रोता ला सिया." मराठीत खुर्ची स्त्रीलिंगी म्हणून 'मोडली' म्हणतो, तसं मी तिथंही रोताच केलं.

सर फिदीफिदी हसले. "ए म्हणजे मी केलंय. ए म्हटलं की करणारा आला. मग शब्द खुर्चीपुढे वाकत नाही. ए रोतो. तुमा लोकांच्या डोक्यात काऊन शिरत नाही?"

विचारलं मला एकटीला. आणि म्हणे, तुमा लोकांच्या.

मी उठले. खुर्ची उचलून उंबऱ्यावर आपटली. पाय निखळला. पुन्हा आपटली. तुकडा उडून कपाटाची काच फुटली. सरांच्या आई भिंतीला चिकटल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"ए रोतो ला सिया," मी म्हटलं. एकही चूक नव्हती.

आता सर सही देणार नाही म्हणतात. सोमवारी वर्ग आहे. मी जाणार. सोफ्यावर बसणार आणि सही घेऊनच उठणार. त्या फडकं घेऊन आल्या तर तेही फाडणार. नंतर त्याला फाटलेलं म्हणू नका. मी फाडलेलं म्हणा.