गडगा कोणी घातला?

चष्मा कपाळावर चढवायचा, तर्जनी पडद्यासमोर उभी धरायची आणि म्हणायचं, “थांब रे बाबा. आधी सांग, हा गडगा घातला कोणी नि कशाला?” तुम्ही आमच्या ऑफिसात आला असतात तर तुम्हाला वाटलं असतं, आमचे काका कुणाला तरी दटावताहेत. समोर कुणी नसायचं. संगणकाशी बोलणं चालायचं, आणि बोललेलं सगळं ते मग दोन बोटांनी टाइप करत बसायचे.

रत्नागिरीत, भाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, औषधांच्या दुकानावरच्या माडीत आमचं ऑफिस. बागायतदारांच्या आंब्याच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाच्या दारात पोचवणारा प्रोग्राम आम्ही चालवतो. तो लिहितो एक एआय एजंट. त्याला मराठीत सांगितलं की झालं. चपळ, आज्ञाधारक आणि दीडशहाणा. काका त्याला ‘खलाशी’ म्हणत.

काकांचं अर्धं आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये तेलपाणी करण्यात गेलं, उरलेलं आंब्याची कलमं बांधण्यात. प्रोग्रामची एक ओळ त्यांना लिहिता येत नव्हती. आम्ही त्यांना घेतलं होतं बागायतदारांशी बोलायला. चाळीस जणांना त्यांनीच राजी केलं. “शब्द मी दिलाय हां,” हे ते आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकवत.

पण मी सांगितलेल्या कामापेक्षा त्यांनी सांगितलेलं काम खलाशी चोख करायचा. मी कॉम्प्युटरची पदवी घेतलेला माणूस. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

त्यांचे नियम ऐका. बोटीवर एका वेळी एकाच वाल्वला हात लावतात, म्हणून खलाशानेही एका वेळी एकच बदल करायचा. पाळी संपली की कशाकशाला हात लावला ते पुढच्याला लिहून द्यायचं. कलम बांधल्यावर जोड धरल्याशिवाय पट्टी सोडत नाहीत, म्हणून नवं काही जोडलं की जुनं लगेच काढायचं नाही. आणि बागेभोवतीचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडांचं कुंपण, आडवा येतो म्हणून पाडायचा नाही. तो घालणारा काय वेडा होता? तसंच जुनी ओळही, ती कोणी नि कशासाठी लिहिली ते विचारल्याशिवाय काढायची नाही. हे सगळं त्यांनी एका फाइलीत लिहून ठेवलं होतं. काम सुरू करण्याआधी खलाशाने ती वाचायचीच.

आणखी एक नियम माणसांसाठी होता. बरोबर दीड वाजता काका ओरडायचे, “डबा उघडा रे! उपाशी माणसानं नट आवळू नये.”

एकदा डोळ्यांच्या तपासणीसाठी ते दोन दिवस आले नाहीत. मी ती फाइल बाजूला ठेवली आणि खलाशाला म्हटलं, कर रे साफसफाई. तासाभरात प्रोग्राम कसा लख्ख झाला! मी खूश.

तिसऱ्या दिवशी काका आले, पाळीची नोंद नव्हती म्हणून चहाआधी खलाशाकडूनच केलेल्या बदलांचा हिशेब मागवून वाचायला बसले. “‘गावांची निरुपयोगी यादी काढली.’ कसली यादी रे?”

“काही गावं आणि पुढे तारखा. माझ्याआधी इथं असलेल्या मुलानं लिहिलेली. कशाचीच कशाला जोड दिसली नाही.”

काकांनी चष्मा खाली घेतला. “तुझ्या घरी पालखी कधी येते?”

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. शिमगा चार दिवसांवर होता. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, प्रत्येक गावाचे दिवस वेगळे, आणि त्या दिवशी झाडावर चढायला माणूस मिळत नाही. ती यादी त्या दिवसांची होती, त्या तारखांना प्रोग्राम पेट्यांचा वायदा देत नसे. मी याच मातीतला, लहानपणापासून पालखीपुढे नाचलेला, आणि पालखीच्याच दिवशी सीझनच्या पहिल्या पेट्यांचा वायदा करून बसलो होतो.

“मेल्या, खलाशाला ठाऊक नाय ते ठीक. तू कुठला रे?” एवढंच म्हणाले. शब्द त्यांचा जाणार होता, तरी आवाज चढला नाही. त्याने मला जास्त लागलं.

मग फोन घेऊन बसले. “ताई, पेटी एक दिवस उशिरा येईल. देव बागवाल्याच्या दारात येतोय, त्याला मी थांब कसं सांगू?” पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, आम्ही आलो तर चालेल का बघायला? काका म्हणाले, “या की! आंबे इथंच खा, आमचं पार्सल वाचेल.” संध्याकाळपर्यंत एकही ऑर्डर रद्द झाली नाही. यादी परत जागेवर बसली, आणि फाइल बाजूला ठेवायची हिंमत मी पुन्हा केली नाही.

पुढे डोळ्याच्या ऑपरेशनला जाण्याआधी काका खलाशापाशी बराच वेळ काहीतरी टाइप करत होते. दुसऱ्या दिवशी दीड वाजता आमच्या सगळ्यांच्या पडद्यांवर अक्षरं उमटली : ‘डबा उघडा रे.’ आम्ही हसून हसून लोळलो.

गेल्या श्रावणात काका गेले. झोपेतच. मला त्यांची फार आठवण येते, आणि चिडायला कुणी उरलं नाही याचीही चिडचिड होते.

परवा नव्या सीझनची तयारी चालली होती. खलाशी काम करता करता थांबला आणि त्याने विचारलं : ‘दीड वाजता संदेश दाखवणारी एक ओळ सापडली. तिचा आंब्यांशी संबंध दिसत नाही. काढण्याआधी विचारतो, हा गडगा कोणी घातला आणि कशासाठी?’

मी दोन बोटांनी टाइप केलं, ‘ठाऊक आहे. राहू दे.’

दीड वाजला होता. मी डबा उघडला.